मेंढरं कुठं पाणी प्याली

मला आयुष्यात पहिला घोडा मिळाला तो पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत. शेजारच्या खोलीतली शहरी पोरं सुट्टीच्या दिवशी दार लोटून एक खेळ खेळायची. एक जण गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, आपला माणूस आता काय करतो ते प्रत्येकानं तोंडानं सांगायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. नियमांचं जाडजूड परदेशी पुस्तक होतं. राक्षस, मंत्र, तलवारी, सगळा सरंजाम. एकदा त्यांचा एक भिडू गावी गेला म्हणून मला बसवलं. मला एक सरदार दिला आणि सरदाराला एक घोडा. मग विचारलं, बोल, काय करतोस?

मी म्हणालो, घोड्यावर भांडी लादतो, भांड्यांवर कोंबड्यांची डालगी बांधतो, डालगीच्या पुढं धाकटं पोर बसवतो आणि दोरी धरून चालायला लागतो.

खोली एवढी हसली की खालून रेक्टर वर आला. पुढं वर्षभर माझं नाव 'भांडीवाला सरदार' पडलं होतं. मी विनोद केलाच नव्हता. आमच्या घराण्यात घोडा त्यासाठीच असतो. आजोबा जन्मभर मेंढरांमागं चालले, घोडा कायम जवळ, पण घोड्यावर बसलेले आजोबा कुणी पाहिले नाहीत. ते बसले असते तर भांडी कुणी न्यायची, याचं उत्तर त्या परदेशी पुस्तकात नव्हतं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे आधीच सांगून टाकतो, कारण उशिरा सांगितलं की लोकांना तो विनय वाटतो आणि तसा गैरसमज मला चालत नाही. पदवी भौतिकशास्त्रातली. सध्या मंचरजवळ एका ज्युनिअर कॉलेजला शिकवतो, राहतो अवसरी बुद्रुकला. आणि त्या हसण्यावर उतारा म्हणून मी स्वतःच एक खेळ तयार केला. एक कसला, मालिकाच. तीन भाग छापून झालेत, पातळ पुस्तिका आहेत, पुण्या-नाशिककडची थोडी मंडळी कुरिअरनं मागवतात. वडिलांनी पहिली पुस्तिका हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, एवढं शिकून शेवटी खोटी मेंढरंच राखायची होती तर खरी काय वाईट होती.

पहिल्या भागातल्या राज्यात चाकच नाही. गाडी नाही, रथ नाही, मोट नाही, कुंभाराचं चाकसुद्धा नाही. शस्त्र म्हणजे काठी, गोफण आणि कुत्रा. देवाचे मंत्र चालतात, पण लोखंड अजून कुणाला सापडलेलं नाही. हे मी फार विचार करून ठरवलं होतं. चाक नसलं की अंतराला किंमत येते. डोंगरापलीकडचं मीठ सोन्यासारखं वाटतं, आणि पाणी कुठं आहे हे ज्याला ठाऊक तो राजापेक्षा मोठा. तेव्हाच मी एक नियम घातला, ज्याच्याकडं जनावरं आहेत त्यानं खेळातल्या प्रत्येक दिवशी आपली जनावरं कुठं पाणी प्याली ते बोलून सांगायचं. सांगायला विसरला तर जनावरं तहानेली धरायची. या नियमावर मी फार खूश होतो.

तोटाही लगेच कळला. अंतराला किंमत आली म्हणजे ते अंतर कुणाला तरी चालावं लागतं. एक टेकडी ओलांडायला आमची सबंध दुपार जायची.

आमची म्हणजे तिघांची. एक मी, गोष्ट सांगणारा. दुसरा माझा चुलतभाऊ, वयानं मोठा, मी त्याला दादा म्हणतो. घरात मेंढरं राखणारा आता तो एकटाच उरला. दिवाळीनंतर वाडा घेऊन, म्हणजे मेंढरं, बायकापोरं, बिऱ्हाड असं सगळं घेऊन, माळशेजनं कोकणात उतरतो आणि पावसाच्या आधी वर येतो. तिसरा जुन्नरच्या पेठेतला माझा शाळेतला मित्र. मी मावशीकडं राहून जुन्नरला शिकलो, तेव्हापासूनची जोडी. त्याचे पूर्वज राजस्थानातून येऊन इथं स्थिरावले. जैन कुटुंब. घरात भांडणंसुद्धा मराठीत होतात, म्हणजे मुरलेच म्हणायचे. हार्डवेअरचं दुकान आहे, पत्रे, खिळे, दोर, पाइप, कुलपं. दादा त्याला शेठ म्हणतो, तो दादाला पावणं म्हणतो, आणि दोघं मिळून मला मास्तर म्हणतात. त्यात आदर किती ते मी कधी मोजलं नाही.

शेठनं बसायच्या आधीच अटी घातल्या. पहिली, फासे नकोत. फासे म्हटलं की आईला जुगार दिसतो. म्हणून आम्ही चिंचोके फोडून घेतले, पांढरी बाजू पडली तर जमलं, काळी पडली तर फसलं. दुसरी, दिवेलागणीच्या आत उठायचं, कारण त्याला सूर्य असेतोवर जेवायचं असतं. तिसरी अट सांगताना तो जरा अवघडला. म्हणाला, माझा माणूस कुणाला मारणार नाही. माणूस नाही, जनावर नाही, तुझे ते राक्षसही नाहीत. खेळ असला तरी.

दादानं तेव्हा विचारलं होतं, मग हा करणार काय, लढाईत हिशेब लिहिणार? शेठ म्हणाला, व्यापार करणार. आणि आमच्यात एक व्यापारी आला, ज्याच्याजवळ शस्त्र म्हणून जाळं, दोर आणि गोड जीभ.

खुद्द दादाला मी जादूगार देऊ केला होता. त्यानं नाकारला. म्हणाला, मला बसून खाणारा माणूस दे, चालून चालून पाय गेले. त्याला राजा दिला. दोन बैठका राजा सिंहासनावर बसला, आलेल्यागेलेल्याला पाणी विचारलं, आणि तिसऱ्या बैठकीला दादानं हळूच चौकशी केली, या राजाकडं मेंढरं किती हायेत. चौथ्या बैठकीत राजा राज्य सोडून कळप घेऊन डोंगरात गेला तो तीन भाग झाले तरी परत आला नाही.

पहिल्या भागात शेठचं व्रत सहज निभलं. काठीचं बरं असतं, मारणाऱ्यानं ठरवावं किती जोरात मारायचं. नियमच होता, पाडायचं की मारायचं ते चिंचोके टाकायच्या आधी सांगायचं. शेठ दर वेळी सांगायचा, पाडतो. पाडलेल्याला बांधायचा, खायला घालायचा, आणि दोन बैठकांनी तोच माणूस त्याचं मीठ उचलायला हमाल म्हणून यायचा.

दुसऱ्या भागात लोखंड आणि चाक आणावं लागलं. पुस्तिका घेणाऱ्यांनी पत्रं पाठवून भंडावलं होतं. चाक आलं, रस्ते आले, शेठचा व्यापारी गाड्या जुंपून गबर झाला आणि दादाची वाटांची माहिती मातीमोल. मग तराजू सारखा करायला मला नियम घालावा लागला की गाडी जाते तिथं लुटारू जातात, मेंढरू जातं तिथं कुणीच जात नाही. मंत्र फार जड होत होते म्हणून लोखंडाजवळ मंत्र चालत नाहीत असं केलं. तर खेळणाऱ्यांनी खिशात खिळे ठेवायला सुरुवात केली. एका बाजूला वजन टाकलं की दुसरी बाजू वर जाते, आणि ती खाली आणायला पुन्हा वजन शोधायचं, असं ते काम आहे. पदवीत हे शिकवत नाहीत.

यातली खरी गंमत मला फार उशिरा दिसली. ज्या दिवशी मी गाडी चालवत, गार हवा लावून, चाक नसलेल्या राज्याचा नकाशा मांडीवर घेऊन माळशेजच्या वाटेवरच्या मढच्या माळावर पोचलो, त्या दिवशी दादा तिथं पिकअपमधून भांडी उतरवून घेत होता. त्याच्याकडं सौर दिवा आहे, मोबाइलला बाहेरची बॅटरी आहे, कोकणातल्या कुठल्या रानात चारा आहे ते त्याला फोनवर कळतं. बिऱ्हाड पिकअपनं पुढं जातं, मेंढरं तेवढी चालतात. घोडा आहे, पण पाठ मोकळी. मी म्हणालो, दादा, घोड्याला आता काम काय? तो म्हणाला, "त्यो तुझ्या खेळात जातोय की कामाला."

तिसऱ्या भागात बंदूक आली. मी बराच काळ टाळली. बंदूक आली की गोफण गेली, कुत्रा गेला, चालत जाऊन बोलणी करणं गेलं. पण जगाला कधीतरी वयात यावंच लागतं. म्हणून मी बंदूक दिली आणि तिला लगाम घातले. ठासायला वेळ लागतो, घाटातल्या धुक्यात दारूगोळा दमट होतो. परिणाम असा झाला की सगळे एक बार काढायचे आणि मग पहिल्या भागातल्यासारखे काठ्यांवर यायचे. दादा म्हणाला, तुझी बंदूक म्हणजे आपल्या वस्तीवरचा ट्रान्सफॉर्मर, एकदा आवाज काढतो मग आठवडाभर गप.

मी वाचनालयात बसून वाचून काढलं होतं की दारूगोळ्याला लागणारा सोरा जनावरं बसवलेल्या जमिनीच्या मातीतून काढत. हे सापडलं तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. म्हणजे दादाच्या मेंढरांच्या कोंडवाड्याची माती विकत घ्या, तिचा सोरा करा, तोफ उडवा. तीन भागांचं अर्थकारण एका मातीत बसलं. मी हे दादाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, म्हंजे खतच की. आणि मग थोडं थांबून त्यानं आदल्या वर्षीचं सांगितलं. आंबेगावकडं एका शेताच्या कडेला कुणी खताची पोती धुतली होती, त्या डबक्यात त्याची मेंढरं पाणी प्याली. सकाळपर्यंत बरीच आडवी. कुणाला दोष देणार, डबकं कुणाच्या मालकीचं नसतं. सांगताना तो हसला वगैरे नाही, पण रडलाही नाही. मी घरी येऊन तिसऱ्या भागात नियम घातला, सोरा पडलेलं पाणी प्यालेलं जनावर सकाळ बघत नाही.

बंदुकीनं खरी पंचाईत केली ती शेठची. गोळीला पाडायचं की मारायचं हे सांगता येत नाही. मी प्रयत्न केला. पायावर मारायची गोळी, हवेत मारायची गोळी, धाक दाखवायचा बार, सगळं लिहून पाहिलं. पण मग दुसऱ्यांनाही तेच द्यावं लागतं, आणि कुणी मरतच नसेल तर बंदूक आणली कशाला? सबंध खेळ एका माणसाच्या व्रतासाठी वाकवायचा की नाही, हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात सोडवून ठेवलेला नाही. मी वाकवला नाही. शेठनं बंदूक घेतलीच नाही. जाळं, दोर आणि गोड जीभ यांवर तो तिसऱ्या भागातही चालत राहिला.

तो एवढा का धरून बसलाय, हे मी एकदा दुकानात विचारलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दुकानात उंदीर जिवंत धरायचा पिंजरा टांगलेला असतो. मान मोडणारा चाप तो ठेवत नाही. कुणी मागितला तर समोरच्या दुकानाकडं बोट दाखवतो, दोर न्यायला येणाऱ्या दादानंही हे पाहिलेलं. तेवढ्यात एक बाई चाप मागायला आल्याच आणि त्यानं बोट दाखवलं. त्या गेल्यावर तो म्हणाला,

"बघितलंस ना. दुकानात रोज थोडं थोडं असं होतं. बोट दाखवलं नाही तर गिऱ्हाईक तुटतं, दाखवलं तर मारण्यात हात आलाच. तो तुझ्या खेळातला माणूस तेवढा स्वच्छ आहे. त्याला मी शेवटपर्यंत नेणार."

घरी गेला की आई विचारते म्हणे, आज काय मारलं? चेष्टेनंच विचारते. तो म्हणतो, काही नाही. एवढंच बोलणं, पण इतक्या वर्षांत एकदाही दुसरं उत्तर द्यावं लागलं नव्हतं.

तिसऱ्या भागाची शेवटची बैठक आम्ही मढच्या माळावर घेतली, दादा कोकणात उतरायच्या आधी. मेंढरं वहिनी चारायला घेऊन गेल्या होत्या. कोकरं डालग्यांखाली, घोडा खुंट्याला, पिकअपच्या सावलीत घोंगडी अंथरलेली. शेठ डबा आणि स्वतःचं पाणी घेऊन आला होता. चिंचोके घोंगडीवर चांगले पडत नाहीत म्हणून आम्ही परात पालथी घातली.

परिस्थिती अशी होती. उत्तरेच्या राजाची फौज खालून घाट चढून येत होती. याच फौजेनं दुसऱ्या भागात दादाचा अर्धा कळप कापून खाल्ला होता आणि दादा ते विसरला नव्हता. घाटाच्या तोंडावर दादानं एक तोफ आणून बसवली होती. तोफेला लागणारा दारूगोळा शेठच्या व्यापाऱ्याकडं, पोत्यांत भरून. कारण तिसऱ्या भागात सगळ्यात जास्त फायद्याचा माल तोच आणि तो तसा मीच ठरवला होता. शेठ कित्येक बैठका ती पोती वाहत होता. मीठ वाहिलं, लोखंड वाहिलं, तसंच हे. माल तो माल.

दादानं तोफेचं तोंड घाटाकडं वळवलं आणि म्हणाला, आण शेठ पोती.

शेठ म्हणाला, ती विकायची आहेत.

मग दादानं त्याला सोलून काढला. आवाज चढवला नाही, विडीसारखं सावकाश ओढत बोलला. फौज वर आली तर आपण दोघं उरत नाही, तुझी पोती ती घेणार आणि आपल्यावरच उडवणार. आणि इतके दिस ही पोती तू वाहून ज्यांना विकली, ते काय त्याची भाकरी करत व्हते काय?

"चाप समोरच्या दुकानात, शेठ. दुकान समोरचं, बोट तुझं."

 मी मध्ये पडलो नाही. गोष्ट सांगणाऱ्यानं मध्ये पडायचं नसतं, हा माझाच नियम, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं तो काय करतो.

आमच्यात रीत आहे की गुपचूप चाल करायची असेल तर खेळणाऱ्यानं मला बाजूला घेऊन जायचं. शेठ उठला, मला घेऊन पिकअपच्या पलीकडं गेला. म्हणाला, माझा माणूस आता दुपारीच सगळी पोती घाटमाथ्यावरच्या टाक्यात रिकामी करतो. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं मी पहिल्या भागापासून नकाशावर ठेवलेलं होतं. मी विचारलं, नक्की? तोफ उडणार नाही, फौज वर येईल, घाट जाईल.

"जाऊ दे घाट. मेलं तर कुणी नाही ना."

आम्ही परत येऊन बसलो. शेठचा चेहरा असा मोकळा झाला होता की त्यानं डबा उघडून आम्हा दोघांना खाकरा दिला. दादाला काही माहीत नव्हतं. खेळातली संध्याकाळ झाली आणि दादानं सवयीनं आपली संध्याकाळची कामं सांगितली. मेंढरं टाक्यावर पाजली, कोंडवाड्यात घातली, कुत्री मोकळी सोडली.

मी खाकरा तोंडात धरून थांबलो.

नियम माझा. सोरा पडलेलं पाणी प्यालेलं जनावर सकाळ बघत नाही. कळप दादाचा, पहिल्या भागापासून वाढवलेला, अर्धा कापला गेल्यावर पुन्हा उभा केलेला. आणि मारणारा कोण, तर तीन भागांत ज्यानं डास मारला नाही तो. मी शेठकडं पाहिलं. त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. पाइप आणि पत्रे विकणाऱ्याला सोरा आणि मेंढरू यांचा संबंध कुठून कळणार. तो नियम त्यानं वाचला असेल तसा, पण आपण टाक्यात काय ओतलं याच्याकडं तो दारूगोळा म्हणून बघत होता. ते पाणी झालं होतं आणि पाणी कुणीतरी पितं, हे त्याच्या डोक्यात नव्हतं.

खेळातली सकाळ मला करावीच लागली. धुकं उतरलं, फौजेचे नगारे ऐकू आले, दादा तोफ ठासायला पोत्यांकडं गेला. मी सांगितलं, पोती रिकामी आहेत. दादानं विचारलं, माल कुठं गेला? शेठनं स्वतःच सांगितलं, थोडा अभिमानानंच सांगितलं, काल दुपारी टाक्यात ओतला. आता तोफही नाही आणि मरणही नाही. चला, वाट सोडून बाजूला होऊ.

दादा चिडला नाही. मला वाटलं होतं परात उडवून देईल. तो नुसता शेठच्या तोंडाकडं बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांत ते डबकं आलेलं मला दिसलं. त्याला नियम वाचायची गरज नव्हती. तो नियम त्याच्याच मेंढरांनी लिहिला होता.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला माहीत होतं. कळप कोंडवाड्यात आडवा पडला आहे.

दादा माझ्या आधी बोलला. "मास्तर, काल मी मेंढरं वढ्यावर पाजली."

मी म्हणालो, दादा, तू टाकं म्हणालास.

"वढा म्हणलो. खाकरा खाताना तुला ऐकू येत न्हाई."

आता शेठ थांबला. तो माणूस दिवसभर वजनमापात असतो, त्याच्या कानावरून शब्द घरंगळत नाही. त्यानं एकदा दादाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं आणि मग नकाशावरच्या त्या टाक्यावर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा मोकळेपणा उतरत गेला. म्हणाला, टाकं म्हणाला होतास, पावणं. मीही ऐकलं.

दादानं पायावर पाय चढवला.

"शेठ, मेंढरं कुणाची?"

"तुझी."

"मंग ती कुठं पाणी पेली ते तू सांगणार का मी?"

शेठनं नकाशावरचं बोट उचललं. मला निवाडा द्यायला फार वेळ लागला नाही. मी पदवीधर माणूस, पुराव्याशिवाय बोलत नाही आणि पुरावा पुरेपूर दादाच्या विरुद्ध होता. मी निकाल दिला, मेंढरं ओढ्यावर प्याली. कळप सुखरूप आहे. फौज घाट चढून आली, तिनं घाट घेतला, तोफ घेतली, रिकामी पोती घेतली. आमचे दोघे मेंढरांच्या वाटेनं, जिथं गाडी जात नाही तिथून, उतरून गेले. मला चौथ्या भागासाठी घाट हातचा जायला हवाच होता, त्यामुळं माझं काही बिघडलं नाही. दादाचं बिघडलं. ज्यांनी त्याचा अर्धा कळप खाल्ला, त्यांच्यावर त्यानं सबंध मालिकेत एक गोळी झाडली नाही, आणि पुन्हा त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

एवढ्यात खरी मेंढरं परत आली. वहिनी पुढं, मेंढरं मागं, धुरळा सगळीकडं. दादा उठून त्यांच्यात गेला आणि मेंढरं पाण्यावर घेऊन निघाला. शेठ डबा घेऊन बसला, पण सूर्य होता तरी त्याला जेवण गेलं नाही. डबा त्यानं तसाच बांधला. जाताना दादाच्या घोड्याच्या पाठीवर त्यानं थाप मारली, बहुतेक दुसऱ्या कुणाला मारायची होती ती.

गाडीत जुन्नर येईपर्यंत तो बांधलेला डबा मांडीवर धरून बसला. पेठेच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. उतरताना त्यानं विचारलं, खेळात कुणी खोटं बोललं तर त्याला तुझा काही नियम आहे का रे?

मी म्हणालो, तीन भागांत तरी नाही.

तो मान हलवून घराच्या बोळात वळला. घरी आई विचारणार होती, आज काय मारलं. त्यानं काय सांगितलं ते मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. पुढच्या वेळी दादा कोकणातून वर आला तेव्हा शेठ आधीच मढला पोचलेला होता, आणि पिकअपमध्ये प्लॅस्टिकची एक मोठी टाकी उलटी पडली होती. जनावरांच्या पिण्याच्या पाण्याची. दादा म्हणाला, शेठनं आणली, दुकानात पडून व्हती म्हणे. टाकी कोरी होती, वरचा कागदही निघाला नव्हता.

चौथा भाग आता छपाईला गेला आहे. त्यात आरशांचे मनोरे आहेत, बातमी घाटावरून कोकणात क्षणात पोचते, त्यामुळं गुपचूप चालींचं काय करायचं हा नवाच घोळ झाला आहे. बाकी नियम मी तावून सुलाखून घेतले आहेत. एक नवा घातला आहे, जनावरं कुठं पाणी प्याली याबद्दल राखणाऱ्याचा शब्द शेवटचा, गोष्ट सांगणाऱ्यानं तो तपासू नये. कच्ची प्रत वाचलेल्या नाशिकच्या एका खेळाडूनं लांबलचक कळवलं की या एका नियमानं तिसऱ्या भागातला पाण्याचा सगळा धाकच जातो, तराजू एकदम कलतो, ही छपाईतली चूक असावी.

चूक नाही, एवढंच मी उलट कळवलं.